दुसरा संच

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत जगात दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, आहे तेच कार्ड कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवा. दुसरा म्हणतो, एकाच्याच जिवावर कशाला उठता, शेजारी आणखी एक बसवा आणि दोघांकडून काम घ्या. पहिल्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, दुसऱ्याला एसएलआय किंवा क्रॉसफायर. या वादापायी पंचवीसेक वर्षं जगभरच्या पोरांनी रात्री जागवल्या. पण ही पोरं एक तर थंड देशातली, नाहीतर एसीत बसलेली. वादाचा खरा निकाल चंद्रपुरात लागतो, मे महिन्यात, दुपारी तीनला, असं माझं ठाम मत आहे.

बाहेरच्या माणसाला चंद्रपूरच्या दोनच गोष्टी ठाऊक असतात, वाघ आणि ऊन. वाघ बघायला पैसे मोजावे लागतात, ऊन फुकट. पारा ४७ च्या वर गेला की जगातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत आमचं नाव झळकतं आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करतात. चौकशीच्या सुरात थोडं अभिनंदनही असतं. आम्हीही ते स्वीकारतो. गावाचं नाव निघाल्याशी कारण.

आता कार्डाचं शास्त्र असं, की त्याचे पंखे थंडी तयार करत नाहीत. खोलीत जी हवा आहे तीच ओढतात आणि कार्डाची ऊब तिच्यात सोडतात. म्हणजे कार्ड नेहमी खोलीपेक्षा इतके इतके अंश वर राहणार. परदेशात चाचणी घेणारा भला माणूस २२ अंशांच्या खोलीत बसतो, त्याचं कार्ड ७५ वर स्थिरावतं आणि तो लिहून मोकळा होतो की तापमान उत्तम आहे. तेच कार्ड आमच्या तुकुम भागातल्या स्लॅबच्या खोलीत आणा. तिथे मे महिन्यात रात्री दहालाही ३८ अंश असतात. ३८ आणि वरचे ५३ म्हणजे ९१. एनव्हिडियाच्या दहा मालिकेतली कार्डं ८३ च्या आसपास पोचली की आपणहून वेग कमी करतात, जीव वाचवायला. थोडक्यात, आमच्याकडचं कार्ड वाढीव वेगाने पळवणं दूरच, मार्च ते जून ते कारखान्याने दिलेल्या वेगालाही पोचत नाही. सरकारी कचेऱ्यांत याच दिवसांत काय होतं ते मी सांगायला नको.

माझा भाचा पहिल्या पंथातून दुसऱ्या पंथात गेला त्याला हे ऊनच कारण झालं.

त्याच्याकडे जीटीएक्स १०७० हे कार्ड होतं. २०१६ सालचं, आठ जीबी मेमरीचं, १५० वॅटचं. घेतलं मात्र सेकंडहँड. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी नाण्याचं खाणकाम कायमचं बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली हजारो कार्डं बाजारात आली. विकणारा प्रत्येक जण सांगत होता की कार्ड फारसं वापरलेलंच नाही. जुनी स्कूटर विकणारा ज्या निवृत्त प्राध्यापकाचं नाव सांगतो, तोच प्राध्यापक बहुधा गेमही खेळत असावा. एरवी असली खरेदी म्हणजे नागपूर, बर्डीवर जायचं, दीडशे किलोमीटर. हे मात्र घरबसल्या जमलं.

सुरुवातीला पोट्टा ओव्हरक्लॉकिंगवाला होता. आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात पट्ट्या असतात. पट्टी उजवीकडे सरकवली की वेग वाढतो. थोडी सरकवायची, कार्डाची परीक्षा घ्यायची, पास झालं की आणखी थोडी. परीक्षा घ्यायला फरमार्क नावाचा प्रोग्राम आहे. त्यात पडद्यावर एक केसाळ मेदूवडा गरागरा फिरतो. तो केसाळ मेदूवडा काढताना कार्डाला जेवढा घाम फुटतो तेवढा कुठल्याही गेममध्ये फुटत नाही. पट्टी जास्तच सरकली की पडद्यावर आधी गुलाबी-हिरवे चौकोन दिसू लागतात, मग सगळं गोठतं, मग काळोख.

"किती वाढलं?" मी विचारलं.

"शंभर मेगाहर्ट्झ, मामाजी."

"मंग फरक किती पडला?"

"सेकंदाले साठच्या चौसष्ट फ्रेम भेटून राह्यल्या."

"त्या वरच्या चार तुले दिसतात?"

यावर तो काही बोलला नाही. मोजणाऱ्या आकड्यात दिसतात, एवढं त्याने नंतर कबूल केलं. ओव्हरक्लॉकिंगमध्ये बहुतेक वेळा पाच-दहा टक्केच पदरात पडतात. त्यातही एकाच कारखान्यातून निघालेलं एक कार्ड गुणी निघतं, दुसरं जागचं हलत नाही. हा सगळा नशिबाचा भाग. तरीही माणूस पट्ट्या सरकवत बसतो, कारण फुकटात मिळालेल्या चार फ्रेमचा आनंद विकत घेतलेल्या चाळीसपेक्षा मोठा असतो.

ज्यांनी १९९८ पाहिलं त्यांना हा आनंद चांगला माहीत आहे. त्या वर्षी इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्तातला सेलेरॉन एक सेटिंग बदललं की बिनतक्रार ४५० वर पळतो, हे लोकांना कळलं. दीडपट वेग, जादा पैसे शून्य. असं फुकटचं घबाड हाती लागल्यावर हा पंथ वाढला नसता तरच नवल. आणि त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू-टू कार्ड आलं. ते दोन घेऊन जोडली तर पडद्याच्या विषम ओळी एक काढणार, सम ओळी दुसरं. म्हणजे दोन्ही पंथांनी एकदमच बाळसं धरलं. चंद्रपुरात तेव्हा आम्ही व्हिडिओ गेमच्या दुकानात अर्ध्या तासाच्या भाड्याने मारिओ खेळत होतो आणि तिथे एकच पंथ होता, तो म्हणजे कॅसेट काढून फुंकर मारणाऱ्यांचा.

थ्रीडीएफएक्स पुढे बुडाली आणि एनव्हिडियाने तिची मालमत्ता घेतली. २००४ साली एनव्हिडियाने एसएलआय हीच तीन अक्षरं पुन्हा बाजारात आणली, फक्त त्यांचं पूर्ण रूप बदललं. सरकारी योजनेच्या अगदी उलट: योजना नवी, नाव जुनं. २००५ मध्ये एटीआयने क्रॉसफायर काढलं. मग दहा-बारा वर्षं जगातल्या प्रत्येक सुखवस्तू पोराच्या कॉम्प्युटरमध्ये दोन-दोन, कुठे कुठे तीन-चार कार्डंसुद्धा बसली.

तर पहिल्याच उन्हाळ्यात भाच्याचं ओव्हरक्लॉकिंग झोपलं आणि त्याने दुसरं १०७० आणलं. तेही तसंच, त्याच प्राध्यापकाचं.

इथे घराची रचना सांगायला हवी. भाऊजी वेकोलित, म्हणजे कोळसा खाणीत. घरात एकच मोठा कूलर, हॉलच्या खिडकीला. होळी झाली की त्याच्या जुन्या ताट्या उतरवून वाळ्याच्या नव्या लावायच्या, पंप तपासायचा, टाकी घासायची, हा आमच्याकडे सणच. कूलरसमोर कोणी बसायचं याचाही क्रम लागलेला असतो. पहिला मान आजीचा. मग भाऊजी, ड्यूटीवरून आल्यावर. मग पाहुणे. ताईला स्वयंपाकघरातून अधूनमधून येऊन पदराने वारा घेण्यापुरती जागा. भाच्याची गणती उभ्याने वारा घेणाऱ्यांत.

दुसरं कार्ड आल्यावर या क्रमात अचानक एक नवा सदस्य शिरला. भाच्याने टेबल हॉलमध्ये आणलं आणि सीपीयूचं झाकण काढून तो कूलरच्या तोंडाशी ठेवला. आजीची खुर्ची हातभर सरकली. उघड्या डब्यात दोन कार्डं एकाखाली एक, मध्ये बोटभर फट. खालचं कार्ड गरम हवा वर सोडणार आणि वरचं तीच आत ओढणार. त्यामुळे वरचं कायम दहा-एक अंश जास्त तापलेलं. सहा फूट उंचीच्या कूलरसमोर चार छोटे पंखे किणकिणत होते, आणि डब्यावरून परतलेला वारा थेट आजीच्या अंगावर.

आजी थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "काहून रे, या डब्याले ताप आला का?"

"हो आजी. त्र्याऐंशी."

"मंग क्रोसिन दे ना बाप्पा."

कूलरचा वारा कार्डाला मानवला हे मात्र खरं. मे महिन्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की पाण्यातून गेलेली हवा दहा-पंधरा अंशांनी सहज उतरते. पण त्या वाऱ्यात ओल असते, ताट्यांमधून एखादा थेंबही उडतो आणि उघड्या सर्किटवर थेंब पडणं बरं नव्हे. म्हणून भाच्याने मध्ये मच्छरदाणीचं कापड लावलं. कापड ओलं झालं. मग कापडासमोर दुसरा पंखा लावला, कापड वाळवायला. त्या वेळी घरात एकूण किती पंखे फिरत होते ते मीटर बघूनच कळलं असतं, आणि ताई नेमकं तेच बघत होती.

ओल गेली तर राख असतेच. एका बाजूला दुर्गापूरची उघडी खाण, दुसऱ्या बाजूला औष्णिक केंद्र, जवळच घुग्घुसकडे सिमेंटचा धुरळा. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली तेव्हा आम्ही पहिल्या पाचांत होतो. गच्चीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी आत आणला की तो कपड्याच्या दुकानात राखाडी म्हणून खपवता येईल. कार्डाच्या पंख्यात हीच राख बसते. परदेशी माणूस वर्षातून एकदा कार्ड पुसतो. इथे पंधरवड्याला ब्लोअर मारावा लागतो, तोही अंगणात, कारण घरात मारला तर राख फक्त जागा बदलते.

दोन कार्डं लागल्यावर वेग दुप्पट व्हायला हवा होता. काही गेममध्ये बराच वाढला, काहींत तसूभरही नाही आणि एकात उलट कमी झाला. भाच्याचा चेहरा बघून भाऊजींनी शेजारच्या काकांना बोलावलं. काका ऊर्जानगरच्या महाऔष्णिक केंद्रातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये काढलेली. त्यांनी गेम कधी खेळला नव्हता, पण दोन यंत्रं एकत्र चालवणं म्हणजे काय हे त्यांना झोपेतही सांगता येतं.

"काम वाटून कसं घेतात हे दोघं?" काकांनी विचारलं.

भाच्याने सांगितलं की पहिली फ्रेम एक कार्ड काढतं, दुसरी दुसरं, तिसरी पुन्हा पहिलं.

"आणि दोघांचा ताल जमला नाही तर?"

तर फ्रेमची संख्या भरपूर, पण एक पटकन येते, पुढची रेंगाळते. आकडा ९० दाखवतो आणि डोळ्यांना धक्के बसतात. याला मायक्रोस्टटर म्हणतात, आणि एसएलआयचं सगळं आयुष्य याच दुखण्यात गेलं.

काका हसले. म्हणाले, "आमच्याकडं संच ग्रिडला जोडायचा म्हंजे व्होल्टेज जुळलं पाहिजे, फ्रिक्वेन्सी जुळली पाहिजे, फेज जुळला पाहिजे. सिंक्रोस्कोपचा काटा बाराला आल्याबिगर ब्रेकर टाकायचा नाही. घाई केली तं मशीनचा शाफ्ट तुटते. तुमी लोकं काटा न बघताच ब्रेकर टाकून राह्यले."

"आणि ओव्हरक्लॉकिंग, काका?"

"त्याचं नाव काढू नको. टर्बाइन मिनिटाले तीन हजार फेरे घेते, ते पन्नास हर्ट्झसाठी. एकही जास्त नाही पाहिजे. तीन हजार तीनशेच्या आसपास गेलं का मशीन आपोआप ट्रिप होते. म्हणून आमी जास्त वीज पाहिजे असली तं संच वाढवला, फेरे नाही."

हे इतिहासाला धरून आहे. चंद्रपूरचं केंद्र १९८० च्या दशकात २१० मेगावॅटच्या संचांनी सुरू झालं, पुढे ५०० चे आले. आठवा आणि नववा संच अलीकडचे. पहिले दोन म्हातारे होऊन बंद झाले तरी क्षमता २९२० मेगावॅट. म्हणजे हे गाव पहिल्यापासून दुसऱ्या पंथाचं. जिल्ह्याचंही तेच. जुना चांदा जिल्हा एकाला आवरेना, तेव्हा त्याला जोरात पळवण्याचा विचार कोणी केला नाही. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली हे दुसरं कार्ड बसवलं. त्याला पुरेसा सप्लाय द्यायचा राहून गेला, ती वेगळी गोष्ट.

भाऊजींना मात्र वेगळीच शंका होती. "याच्यात आठ जीबी, त्याच्यात आठ. सोळा झाले ना?"

"नाही, बाबा. आठच."

"काहून?"

"दोघाइले तेच चित्र काढायचं असते. म्हणून सगळं सामान दोन्हीकडं पुरं भरून ठेवावं लागते."

कोळशाचे साठे सांभाळण्यात जन्म गेलेला माणूस. दोन गोदामं बांधून दोन्हींत तोच माल ठेवायचा, हे ऐकून ते उठून आत गेले. परत आले ते हिशेब घेऊनच. एक युनिट विजेला पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा जळतो. दोन कार्डांचे ३०० वॅट, बाकीचा डबा आणि मॉनिटर धरून साडेचारशे. चार तास खेळला तर पावणेदोन युनिटच्या वर, म्हणजे सव्वा किलो कोळसा. त्यातली दोन-तृतीयांश उष्णता तर वीज तयार होतानाच ऊर्जानगरात वाया जाते.

"आन् उरलेली एक-तृतीयांश," भाऊजी म्हणाले, "तारेतून इथं येते आन् हा पोट्टा तिची पुन्हा उष्णताच करून राह्यला. मी जमिनीतून काढलेला कोळसा माह्याच हॉलमध्ये आणून जाळते हा. त्यापेक्षा शेगडी पेटव ना, वायरचा खर्च तरी वाचन."

कॉम्प्युटर नावाच्या यंत्रावर इतकी नेमकी टीका मी कुठल्या तज्ज्ञाकडून ऐकलेली नाही. कार्डात शिरलेला जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतो. फ्रेम हा फक्त वाटेतला विरंगुळा.

आणि एवढं सगळं जाळून पडद्यावर दिसायचं काय, तर जंगल. गेममध्ये कार्डाला सर्वांत जड जातात ती गवत, पानं आणि वेली. २००७ साली आलेल्या क्रायसिस या गेमने भल्याभल्या कार्डांना रडवलं ते त्यातल्या घनदाट जंगलामुळे. ताडोबाचं दार तासाभरावर, आणि आमचा पोट्टा खोटी पानं हलताना बघायला सव्वा किलो कोळसा खर्च करतो. मी एकदा त्याच्या मागे उभं राहून ते जंगल निरखून पाहिलं. गेमवाले चलाख असतात. एकच झाड बनवतात आणि हजार ठिकाणी तेच उभं करतात. मला ते कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, बल्लारशाच्या बाजूला वनविकास महामंडळाची सागाची रोपवनं आहेत, सगळी झाडं एका वयाची, एका उंचीची, रांगेत. तिथून जाताना कोणाच्याही कार्डावर ताण येणार नाही.

गडचिरोलीचा भाच्याचा मित्र या वादात नेहमी तिसरीच बाजू घ्यायचा. त्याच्या मते कार्ड एक असो की दोन, प्रश्न लाइट असण्याचा. जिल्ह्याचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग जंगल, विजेच्या तारा त्यातून गेलेल्या. जूनमध्ये आंधी-पाणी आलं की कुठल्या तरी झाडाची फांदी तारेवर पडते आणि ती शोधायला माणूस निघतो. या मित्राकडे ६०० व्हीएचा यूपीएस होता. तो जेमतेम साडेतीनशे वॅट ओढू शकतो. एका कार्डावर तो निमूट चालायचा. एकदा हौसेने मित्र आपला डबा एसटीत मांडीवर घेऊन, वैनगंगा ओलांडून, सावली, मूल करत चंद्रपूरला आला आणि भाच्याचं दुसरं कार्ड त्यात बसवून पाहिलं. कंडक्टरने वाटेत दोनदा विचारलं होतं की आत कोंबडी तर नाही. परत गेल्यावर खेळ सुरू करताच यूपीएस जो ओरडायला लागला, तो अख्ख्या वाडीला कळेपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या दिवशी कार्ड त्याच एसटीने परत आलं.

खरं तर हा सगळा वाद तेव्हाच जुना झाला होता. २०२० साली एनव्हिडियाने नवी मालिका आणली तेव्हा दोन कार्डं जोडायची सोय फक्त सगळ्यात महागड्या ३०९० ला ठेवली आणि १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयचे नवे प्रोफाइल देणं बंद केलं. २०२२ च्या ४०९० ला तर जोडायची खाचच नाही. एटीआयला विकत घेतलेल्या एएमडीने क्रॉसफायर हे नाव त्याआधीच, २०१७ साली, गुंडाळून ठेवलं होतं. गेम बनवणाऱ्यांनाही दोन कार्डांसाठी वेगळी मेहनत घेण्यात रस उरला नव्हता. भाचा दुसऱ्या पंथात गेला तेव्हा देवळाला कुलूप लागून दोन वर्षं उलटली होती. भाविकांना असल्या गोष्टींनी फरक पडत नाही.

फरक पडला तो ताईमुळे. विजेच्या बिलात महिन्याच्या पहिल्या शंभर युनिटला एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, त्यावर आणखी चढा. एप्रिलचं बिल तीनशेच्या वर गेलं आणि ताईने ते न बोलता मॉनिटरला चिकटवलं, बरोब्बर फ्रेमचा आकडा दिसतो त्या कोपऱ्यावर.

मग भाच्याने तिसरा मार्ग धरला. आमच्या हवामानाला तोच एक मानवतो असं मला वाटतं, पण फुशारकी मारता येत नसल्याने त्याचा गाजावाजा होत नाही. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. कार्डाचा वीजखर्च वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. म्हणून वेग तेवढाच ठेवून व्होल्टेज थोडंसं उतरवलं तरी वॅट बरेच कमी होतात. कारखानावाले प्रत्येक कार्डाला गरजेपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज देऊन ठेवतात, कारण नशिबाने कमजोर निघालेलं कार्डही चाललं पाहिजे. तेवढं काढून घेतलं की कार्ड शांत होतं. भाच्याने त्याच आफ्टरबर्नरमध्ये या खेपेला व्होल्टेज खाली उतरवलं. एक कार्ड, कमी व्होल्टेज, तापमान ८० च्या आत, तेही त्याच्या स्वतःच्या खोलीत. आजीची खुर्ची जागेवर आली.

ओव्हरक्लॉकिंग त्याने सोडलेलं नाही. फक्त त्याचा सीझन ठरवला आहे, दिवाळी ते होळी, आमच्या भागातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा असतो तोच. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली आला की हा उठून खिडकी उघडतो, शाल पांघरतो आणि पट्ट्या उजवीकडे ढकलतो.

दुसरं कार्ड विकायला काढलं. गिऱ्हाईक मिळालं वडशाचं. झाडीपट्टीच्या नाटकांचं शूटिंग करून ती इंटरनेटवर टाकायचा त्याचा धंदा. नाटक रात्री दहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतं, त्यामुळे एडिटिंगही तेवढंच लांब. तो पठ्ठ्या बसस्टँडवर आला, कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, पंख्याला बोटाने गिरकी दिली.

"माझ्याकडे असंच एक हाये जी. हे दुसरं लावीन."

भाच्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "दादा, दोन लावले का गेममध्ये धक्के बसतात."

"गेम कोण खेळते? मले रेंडर करायचं आहे."

आणि तिथे मात्र दोन कार्डं खरोखरच काम वाटून घेतात, कारण सेकंदाच्या साठाव्या भागात कोणाला काही दाखवायची घाई नसते. एक आपला तुकडा करतं, दुसरं आपला, आणि ताल जमला नाही म्हणून प्रेक्षक खुर्च्या फेकत नाहीत.

"पण तापते फार," भाचा म्हणाला. "उन्हाळ्यात भरवसा नाही. दिवाळी ते होळी मस्त चालन."

"मंग काय पाहिजे?" त्याने पैसे मोजायला घेतले. "होळीनंतर आमाले कोन बोलावते?"